निर्व्यसनी माणसाची पिणारी गाडी

आमच्या साडूंनी जन्मात कधी दारूचा थेंब ओठांना लावला नाही, आणि तरीही साऱ्या बीड जिल्ह्यात त्यांच्याइतकी दारू कोणी कोणाला पाजली नसेल. त्यांनी ती पाजली एका मोटारीला. मोटार लाल, दोनच दारांची, पोट जमिनीला टेकलेली आणि मूळची पेट्रोलवर चालणारी, म्हणजे सभ्य घरातली होती. तिला या नादाला लावलं ते सर्वस्वी आमच्या साडूंनी. मी कोर्टात नोकरी करणारा माणूस आहे. माणसांनी माणसांना बिघडवल्याची प्रकरणं रोज माझ्या टेबलावरून जातात. पण एका निर्व्यसनी माणसाने चष्मा लावून, शांत डोक्याने एका यंत्राला व्यसन लावल्याचं प्रकरण मी हे एकच पाहिलं, आणि त्यातला आरोपीही घरचाच निघाला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, तिचं ऐकून मीही दाजी म्हणू लागलो, आणि आता आमच्या कॉलनीत दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांचेच ते दाजी आहेत. नोकरी त्यांनी केली साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, केमिस्ट म्हणून. मळीपासून स्पिरिट तयार होतं, त्याची शुद्धता तपासायची, हे काम. दिवसभर त्या वाफेत उभा असलेला हा माणूस संध्याकाळी घरी आला की आधी अंगणातच अंघोळ करायचा, कपडे बादलीत टाकायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. कारण घरात बुद्धमूर्तीपुढे रोज वंदना होते, आणि पंचशीलातलं पाचवं शील, म्हणजे मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, दाजी बाकीच्या चारांपेक्षा अंमळ जास्तच मनावर घेतात. खोकल्याचं औषध आणलं तर बाटलीमागची बारीक अक्षरं वाचून "यात आहे" म्हणत परत करतात. लग्नात कोणी हाताला अत्तर लावायला आलं की हात पाठीमागे. एकदा एका डॉक्टरने इंजेक्शनआधी दंडाला स्पिरिटचा बोळा लावला, तर दाजी म्हणाले, "साबण चालला नसता का?" तो डॉक्टर अजून ही गोष्ट नव्या पेशंटांना सांगतो. घरातही त्यांचा केमिस्ट कधी निवृत्त झाला नाही. पाहुण्यांच्या चहात थर्मामीटर बुडवूनच ते कप पुढे करतात. फोडणीचं तेल तापलं की नाही हे ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, नुसतं बघून ओळखावं हे त्यांना अजिबात पटत नाही. "एक दिवस ह्या थर्मामीटरलाच फोडणी देते बघा," असं ताई म्हणतात, आणि त्या बोलतात ते करतात हा आमचा सगळ्यांचा अनुभव आहे.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर विहारात दोन घटका बसावं, नातवंडांचा अभ्यास घ्यावा, फार तर व्याह्यांशी भांडावं. दाजी पुण्याला गेले आणि ग्रॅच्युइटीत ही लाल गाडी घेऊन आले. कुठल्याशा बिल्डरच्या मुलाने शर्यतीच्या हौसेपायी ठेवलेली, टर्बो बसवलेली, परदेशी गाडी. ती किती पळते हे दाजी आम्हाला तोंडी सांगायचे, कारण ते बघायची सोय बीडमध्ये नव्हती. आमच्याकडे गतिरोधक आधी बांधतात आणि रस्ता मागाहून मंजूर होतो. गतिरोधक आला की दाजी गाडी थांबवत, उतरत, वाकून तिच्या पोटाखाली बघत, पुन्हा बसत आणि ती तिरकी करून इंचाइंचाने पलीकडे नेत. मागे रिक्षांची रांग. "ओ दाजी, उचलून ठिवू का पलीकडं?" असं रिक्षावाले विचारायचे, आणि तेही चेष्टेने नव्हे, मनापासून. जगातल्या वेगवान गाड्यांमध्ये जिची गणना, तिला शिवाजी चौक ते बसस्टँड एवढ्या अंतरात भाजीचा हातगाडा मागे टाकून गेलेला मी स्वतः पाहिला आहे.

आता एवढं पुरे नव्हतं म्हणून दाजींना ती गाडी इथेनॉलवर चालवायची होती. कारण काय, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. कारण होते आबा. आबा म्हणजे दाजींचे वडील, उमापूरला राहायचे. त्यांची उमर ऊसतोडीत गेली. दिवाळी झाली की कोयता, भांडी आणि बायकापोरं घेऊन कारखान्याकडे निघायचं, फडातच पाचटाची कोपी घालून राहायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. दाजी चालायला शिकले ते उसाच्या फडात. पुढे वसतिगृह, बी.एस्सी., डिस्टिलरी. "आबांनी एवढा ऊस तोडला," दाजी मला म्हणाले, "पण त्या उसानं आबांना कधी नीट बसवून कुठं नेलं नाही. नेलं ते मोळ्यांच्या वर, ट्रकच्या टपावर. मला आबांना पुढच्या सीटवर बसवायचंय. आणि हायवेला एकदा अशी पळवायचीय गाडी, की त्यांनी म्हणावं, बास! आणि पळाली पाहिजे ती उसावर. पेट्रोलवर नाही, उसावर." हे सांगताना त्यांचा आवाज असा काही झाला की चेष्टेसाठी उघडलेलं माझं तोंड मी तसंच मिटलं. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, चार पावलं चालले की धाप लागत होती. घाई करायला हवी होती. आणि दाजींनी सावकाश, एकेक नट मोजत, घाई सुरू केली.

गाडी उघडली ती रशीद मिस्त्रीच्या गॅरेजात. पेट्रोलची गाडी इथेनॉलवर आणायची म्हणजे टाकी बदलली की झालं, अशी माझी समजूत होती. दाजींनी ती थर्मामीटर हातात धरून दूर केली. इथेनॉल रबर खातं, म्हणून सगळे पाइप आणि सील बदलायचे. ते जास्त लागतं, म्हणून पंप मोठा, फवारे मोठे. ते जुन्या टाकीतला गाळ धुऊन काढतं, म्हणून फिल्टर पुन्हा पुन्हा. शेवटी पुण्याहून एक इंजिनिअर आला आणि त्याने गाडीला लॅपटॉप जोडला. तो इतका वेळ पडद्याकडे बघत गप्प बसला की ताईंनी काळजीने विचारलं, "काय निघालं हो रिपोर्टात?" रशीद मिस्त्री पाच वेळचा नमाजी. दर वेळी पाइप जोडला की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा. एकदा बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुम नै पीते, मैं नै पीता, और ये हम दोनों के बीच में खड़ी रहके पी री." दाजींनी त्यावर त्याला इथेनॉल आणि दारू यांतला फरक समजावून सांगितला. रशीदने तो पूर्ण ऐकून घेतला आणि पुन्हा हात धुतले.

गाडी तयार झाली, पण तिला पाजायचं कुठून? पंपावर नुसतं इथेनॉल मिळण्याची सोय पुण्यामुंबईकडे. इकडे कारखान्यातून घ्यायचं तर दारूबंदी खात्याची परवानगी. खात्याचं खरं नाव निराळं आहे, पण आमच्याकडे अजून दारूबंदीच म्हणतात, आणि दारूचे परवाने तिथेच मिळतात. मी सोबत गेलो होतो. तिथल्या बाबूने अर्ज वाचला आणि दाजींकडे सहानुभूतीने पाहिलं. "साहेब, तुमाला सोताला प्यायची असंल तर आत्ता परवाना करून देतो. तब्येतीच्या कारणाखाली. गाडीला कसा देऊ?" दाजी ताडकन म्हणाले, "मी पीत नाही!" बाबू म्हणाला, "तितंच तर अडलंय." मग त्याने नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं आणि विचारलं, "गाडीचं वय काय?" दाजींनी पंधरा सांगितलं. "मंग तर बसतच न्हाई," बाबू म्हणाला, "पंचवीस पूर्ण लागत्यात." तो चेष्टा करत नव्हता. कोर्टात इतकी वर्षं काढल्यामुळे मला असा चेहरा ओळखता येतो. शेवटी कोणीतरी अर्जात 'संशोधन' हा शब्द घालायला सुचवलं आणि परवानगी सुटली, कारण आपल्याकडे त्या शब्दापुढे कोणी वाचत नाही. पिंपं आली, मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली गेली, आणि त्या दिवसापासून दाजींनी घरात मेणबत्ती लावायला बंदी केली. वंदना विजेच्या दिव्यावर होऊ लागली. ताई एवढंच म्हणाल्या, "दारू घरात आली की पहिला उजेड जातो, तसं झालं."

गाडी चालू झाली तेव्हा कॉलनीभर एक गोडसर, आंबूस वास पसरला. त्या वासाने आमच्या सामाजिक जीवनात जी क्रांती झाली, ती दाजींच्या इतक्या वर्षांच्या व्यसनमुक्तीच्या भाषणांनीही झाली नव्हती. संध्याकाळी घराकडे परतणारे काही गृहस्थ वाकडी वाट करून दाजींच्या फाटकापाशी घटकाभर थांबू लागले. घरी बायकोने नाक मुरडलं की उत्तर तयार: "दाजींच्या गाडीजवळ हुबा होतो." दाजींना वाटायचं, लोकांना इथेनॉलची गोडी लागली. ते प्रत्येकाला उभं करून माहिती द्यायचे, आणि तीही माणसं बिचारी झुलत झुलत ऐकायची. जयंतीच्या मिरवणुकीत तर कहर झाला. 'दारू पिऊन मिरवणुकीत येऊ नये' हा फलक समितीने दरवर्षीप्रमाणे पुढे लावला होता, आणि त्याच्या लगेच मागे मानाने दाजींची गाडी होती, मुंगीच्या गतीने, धूर सोडत. डीजे थांबला की आया आपापल्या पोरांना ओढून तोंडाचे वास घेत होत्या. न प्यालेल्या पोरांनी त्या दिवशी मार खाल्ला, आणि प्यालेली पोरं "गाडीचा वास हाय, आये!" म्हणत सुटली. पुढच्या रविवारी विहारात चर्चा झाली. एक जुने गुरुजी उठून म्हणाले, "पाचवं शील घेतलेल्या माणसाची गाडी पिते, हे योग्य हाय का?" दाजी उभे राहिले. "गुरुजी, शील मी घेतलंय. गाडीनं घेतलेलं नाही." त्यावर चहा झाला आणि विषय संपला.

हिवाळा आला तेव्हा दाजींना कळलं की या गाडीला थंडी सोसत नाही. सकाळी चावी फिरवली की नुसती कुरकुरायची. मग दाजी गरम पाण्याची किटली आणून, टॉवेल भिजवून, पिळून इंजिनाला शेक द्यायचे, वर दुलई पांघरायचे आणि कान लावून बसायचे. ताई ओसरीवरून बघत. "माझ्या दोन बाळंतपणांत ह्यांनी मला गरम पाण्याचा तांब्या दिला असंल तर शपथ," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्याच पाणी तापवून देत होत्या. आबांसाठी चाललंय हे त्यांनाही माहीत होतं.

या सगळ्या खटाटोपात दाजी फक्त एक गोष्ट विसरले होते. आबांना विचारायची.

गाडी चांगली चालू लागली तशी त्यांनी ती उमापूरला नेली, आबांच्या दारात उभी केली आणि डावं दार उघडून धरलं. आबा काठी टेकत आले. गाडीला एक पूर्ण चक्कर मारली. मागे, धुराड्यापाशी, वाकले. नाकाने दोनदा ओढून घेतलं आणि सरळ झाले.

"पाजून आनलीस व्हय रे हिला?"

"आबा, दारू नाही ती. इथेनॉल आहे. उसाचंच."

"दारूबी उसाचीच असती."

"ती पिण्याची. ही जाळण्याची."

"मंग वास त्योच कावून?"

इथे दाजींनी दारातच रसायनशास्त्राचा तास घेतला. हवेत बोटांनी कार्बन काढले, हायड्रोजन काढले. शेजारचे चार लोक जमून ऐकत होते. आबांनीही शेवटपर्यंत ऐकलं. "तू शिकलास, लई बरं झालं," ते म्हणाले, "पन मी न्हाई बसत." आणि आत जाऊन बाजेवर आडवे झाले.

या नकारामागे काय होतं ते दाजींनाच ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांना तो तोडता येत नव्हता. ऊसतोडीच्या दिवसांत आबा प्यायचे. फडात सगळेच प्यायचे, आबा थोडी जास्त. दाजींना वसतिगृहात घालायला ते ज्या दिवशी बीडला आले, त्या दिवशीही पिऊन आले होते. रेक्टर त्यांच्याशी बोलता बोलता खिशातून रुमाल काढून नाकाला लावून बसला, आणि शेजारी उभं असलेलं पोर खाली बघू लागलं. आबा गावी परतले, विहारात गेले, पाचवं शील घेतलं, आणि तेव्हापासून थेंब नाही. त्यापुढे जाऊन त्यांनी एक नियम स्वतःच बसवला: प्यालेल्याच्या भरवशावर बसायचं नाही. एका लग्नाहून येताना जीपचा ड्रायव्हर प्यालेला आहे असं कळलं, तेव्हा त्यांनी भर रस्त्यात जीप थांबवून घेतली आणि गेवराईपर्यंत पायी गेले. नियम ड्रायव्हरला होता तसा आता इंजिनलाही लागू झाला. खाली बघणारं ते पोर आता साठीचं झालं होतं आणि दार उघडं धरून उभं होतं.

दाजींनी हार मानली नाही, उलट नुकसान वाढवलं. एकदा बीडला आलेल्या आबांना मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्या स्कूटरवर नेत होतो. आबा मागे बसलेही होते. तेवढ्यात दाजींना राहवलं नाही. "आबा, माझ्या गाडीत बसत नाही, मग हिच्यावर कसं बसता? पंपावरच्या पेट्रोलमध्येही आता वीस टक्के तेच असतं!" आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोर्टातला माणूस. खोटं बोलायला जीभ वळेना. "असतं थोडं," म्हणालो. आबा उतरले. "म्हंजे आता समदेच थोडीथोडी घेत्यात म्हना की," ते म्हणाले, आणि काठी टेकत चालू लागले. मी बापडा स्कूटर ढकलत त्यांच्या मागे. वाटेत त्यांनी विचारलं, "यस्टी?" मी म्हटलं, डिझेल. "बैलगाडी?" मी म्हटलं, कडबा. "मंग झालं," आबा म्हणाले. अशा तऱ्हेने दाजींनी जन्मदात्याला हाती उरलेल्या वाहनांतूनही खाली उतरवलं, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस ठरला. धाप वाढली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता उशीर नको, पुढे भूल झेपणार नाही. आबांनी निरोप पाठवला की मी यस्टीने येतो. दाजी मला म्हणाले, "चला, आणायला जाऊ. आयत्या वेळी मन फिरलं तर?" मला मागच्या सीटवर घातलं. तिला सीट म्हणतात ती निव्वळ सौजन्याने. माझे गुडघे हनुवटीला लागले होते. डिकीत एरवी इथेनॉलचा सुटा कॅन असायचा. आबांच्या गाठोड्याला जागा हवी म्हणून दाजींनी तो सकाळीच काढून ठेवला होता.

हायवेला गाडीने जी काही धाव घेतली, ती मी जन्मभर विसरणार नाही. मागच्या काचेतून गाव दिसेपर्यंत दुसरं गाव आलेलं असायचं. पण गेवराईच्या चौकात दाजी चहाला थांबले, आणि घात झाला. लाल गाडीभोवती गर्दी जमली. कोणीतरी म्हणालं, "ही ती दारूवर चालनारी का?" दाजी चिडले आणि समजावून सांगू लागले. प्रत्येकाला धूर हुंगून बघायचा होता, म्हणून इंजिन चालू. एका पोराने म्हटलं, "जरा रेस करा की," म्हणून रेस. विषय इथेनॉल आणि श्रोते गेवराईचे. दोन्ही बाजूंना फुरसत होती. या गाडीला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त लागतं, हे सगळ्या जिल्ह्याला सांगणारे दाजी स्वतः ते विसरले. उमापूर अगदी जवळ आलं आणि गाडीने दोन उचक्या दिल्या आणि रस्त्याच्या कडेला मुकाट उभी राहिली.

एक मोटरसायकलवाला थांबला आणि बाटलीभर पेट्रोल काढून द्यायला निघाला. दाजी म्हणाले, "नको. हिचं ट्यूनिंग वेगळं आहे. आणि प्रश्न तत्त्वाचाही आहे." तो म्हणाला, "मंग तत्त्वावर ढकला," आणि निघून गेला. शेवटी मागून उसाने खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने काही न विचारता दोर काढला. माणूस अडचणीत असताना त्याला तत्त्व न विचारणारी माणसं आमच्या भागात अजून आहेत. तर अशी ती शर्यतीची गाडी उसाच्या ट्रॉलीमागे दोरीने बांधून उमापुरात शिरली. उसाचे शेंडे बॉनेटवर झाडू मारत होते. दाजींना करण्यासारखं फक्त स्टिअरिंग धरणं उरलं होतं. ज्याच्यासाठी सगळं केलं त्या माणसापुढे असं जायचं होतं.

आबा स्टँडवर गाठोडं घेऊन यस्टीची वाट बघत बसले होते. ट्रॅक्टर थांबला. आबा उठले, काठी टेकत आले, मागच्या वेळेसारखी एक चक्कर मारली, मागे वाकून वास घेतला. मग दाजींच्या खिडकीपाशी आले.

"संपली?"

"संपली, आबा."

"थेंबबी न्हाई?"

"थेंबही नाही."

"म्हंजे आता शुद्धीवर हाय."

दाजींनी मान हलवली.

"मंग दार उघड की. बघतोस काय?"

दाजी धावत डावीकडे गेले आणि दार उघडलं. आबा आधी काठी आत घालून, मग एक पाय, मग दुसरा, असे त्या खोल सीटमध्ये उतरले. गाठोडं मांडीवर घेतलं. यस्टी गावाच्या पलीकडच्या फाट्यावरून यायची होती आणि ट्रॅक्टर तिकडेच चालला होता, तेव्हा ती तिथेच गाठता येणार होती. ट्रॅक्टर निघाला. उमापूरच्या बाजारातून, शाळेवरून, विहारासमोरून ती लाल गाडी बैलाच्या चालीने चालली, आणि पुढच्या सीटवर आबा. लोक दुकानांतून बाहेर येत होते. आबा कोणाकडे बघत नव्हते. धूसर डोळ्यांनी समोरच्या ट्रॉलीकडे बघत होते. "मोळ्या ढिल्या बांधल्यात," ते एकदा म्हणाले. मग सीटवर हात फिरवत म्हणाले, "लई मऊ हाय रे. अन् आवाज तर बिलकुल न्हाई." आणि फाटा जवळ आला तेव्हा म्हणाले, "इतकी गुणाची गाडी. उगं पाजतोस तिला."

मी मागे गुडघ्यांत तोंड घालून बसलो होतो, म्हणून मला आरशात दाजींचे डोळे दिसत होते. ते भरून आले होते, आणि ते पुसायचे नाहीत म्हणून दाजी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून होते. गाडी तर नाकासमोर चालली होती. वळवायचं काहीच नव्हतं. मला त्यांची इतकी माया कधी वाटली नव्हती, आणि तसं कधी त्यांना सांगितलंही नाही.

आबा यस्टीने बीडला आले, ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी दवाखान्यासमोर उभी असलेली गाडी पाहिली. "लाल हाय व्हय? मी काळी समजत होतो," म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी दाजी उमापूरला जाऊ लागले. आयुष्यभर स्पिरिटची शुद्धता थेंबाथेंबाने तपासण्यात कमावलेलं सगळं कसब त्यांनी एकाच कामाला लावलं: गाडी बरोबर उमापूरच्या स्टँडवर, आबांच्या समोर, संपली पाहिजे. वारा, ऊन, गेवराईची गर्दी, सगळं धरून ते माप भरायचे. आधी आधी चुकायचं, मग जमलं. टाकी अशी कोरडी पाडली की पंप जळतो, असं रशीदने हात जोडून सांगितलं. दाजी म्हणाले, "जळू दे, दुसरा बसव." दार जोरात लावलं तरी ज्यांचा जीव वरखाली व्हायचा, तेच हे दाजी. आबा स्टँडवर बसलेले असत. वास घेत, "संपली?" विचारत आणि बसत. मग स्टँडवरची माणसं गाडी ढकलत घरापर्यंत नेत, नाहीतर कोणी नसलं तर दोघं तिथेच गाडीत बसून गप्पा मारत. परतीचं इथेनॉल दाजींच्या डिकीत असायचंच. आबा घरात गेल्याशिवाय ते ओततही नसत, आणि ओतण्याचा आवाज आला तरी आबा मागे वळून बघत नसत. आबांना घेऊन हायवेला गाडी पळवायची राहिली ती राहिलीच. दाजींनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मागच्या उन्हाळ्यात आबा गेले. झोपेतच गेले. गाडी त्यानंतर बरेच महिने ताडपत्रीखाली होती. परवा मीच म्हटलं, दाजी, चला उमापूरला जाऊन येऊ, आबांचं घर उघडून झाडून घेऊ. त्यांनी टाकी भरली. या वेळी माप वगैरे काही नाही, नुसती भरली. गेवराईला थांबलो नाही. उसाचे दिवस आहेत. वाटेत ट्रॉल्या लागल्या, त्यांच्या मागे मागे गेलो. उमापूरच्या स्टँडवर आलो आणि दाजींनी गाडी थांबवून चावी बंद केली. उतरले, फेरी घालून डावीकडे आले आणि दार उघडून उभे राहिले. बाकड्यावर दोन अनोळखी माणसं बसली होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा यस्टीच्या वाटेकडे पाहू लागली. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. मी म्हटलं, "दाजी, लावता का दार?"

दाजी आत वाकून काट्याकडे बघत होते.

"आबा बसले नसते," ते म्हणाले. "अर्धी टाकी आहे अजून."